कोल्हापूरहून समुद्र जवळ, पण रेल्वेने इतका लांब का? नदी-किनाऱ्याच्या रेल्वे सहलीचं सगळं गणित

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की कोल्हापुरातल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलांना समुद्र बघायचा असतो. आजी-आजोबांना वाटेत एखादी नदी, एखादं देवस्थान हवं असतं. घाटात कुणाला तरी गाडी लागते, म्हणून कुणीतरी सुचवतं, "या वेळी रेल्वेनेच जाऊया की!"

मग मोबाईलवर तिकीट शोधायला सुरुवात होते. कोल्हापूर ते रत्नागिरी टाकलं तर थेट गाडी दिसत नाही. कोल्हापूर ते कणकवली टाका, कोल्हापूर ते मडगाव टाका, उत्तर जवळपास तेच.

नकाशावर कोल्हापूर आणि अरबी समुद्र यांच्यात सरळ रेषेत जेमतेम १०० किलोमीटरचं अंतर आहे. रस्त्याने आंबा घाट उतरून रत्नागिरी सुमारे १३० किलोमीटर. मग रेल्वेने जायचं तर ५०० किलोमीटरहून मोठा वळसा का घालावा लागतो? आणि तो घालायचाच असेल, तर त्याचीच एक झकास कौटुंबिक सहल कशी करता येईल? समजून घेऊया.

कोल्हापूरला येऊन रूळ संपतात, ते का?

कोल्हापूरच्या स्थानकाचं अधिकृत नाव श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. टर्मिनस म्हणजे जिथे मार्ग संपतो ते स्थानक. मिरजेहून आलेले रूळ इथे थांबतात, पुढे जात नाहीत.

हा मार्ग कोल्हापूर संस्थानाने उभारला. १८८८ साली त्याच्या कामाचा पाया घातला गेला आणि १८९१ मध्ये मिरज ते कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. लांबी ५० किलोमीटरपेक्षा थोडी कमी. पुण्याहून मिरज-बेळगावकडे जाणारा मोठा मार्ग तेव्हा आकाराला येत होता. त्याला कोल्हापूर जोडून घेणं, हा त्यामागचा हेतू. गूळ, शेतमाल आणि प्रवासी यांच्यासाठी ते पुरेसं होतं.

पश्चिमेला मात्र सह्याद्री आडवा होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मुंबईहून पुण्याकडे येणारी रेल्वे बोर घाटातून सह्याद्री चढते. हा मार्ग १८६३ साली खुला झाला. त्यानंतर दक्षिणेकडे यायला लागलो की सह्याद्री ओलांडणारा पुढचा रेल्वेमार्ग थेट कॅसलरॉक आणि कुळे यांच्यामध्ये, गोव्याच्या हद्दीवर भेटतो. पोर्तुगीज काळात मुरगाव बंदरासाठी बांधलेला हा मार्ग १८८८ पासून वापरात आला.

म्हणजे लोणावळा ते कॅसलरॉक या सरळ रेषेतल्या ३५० किलोमीटरहून मोठ्या पट्ट्यात सह्याद्री ओलांडणारी एकही रेल्वे नाही. घाटावर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव. घाटाखाली रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. दोन्हीकडे रेल्वे आहे, पण मधल्या भिंतीला दारं फक्त दोन टोकांना.

नदीही पूर्वेला, गाडीही पूर्वेला

कोल्हापूरच्या पंचगंगेचं बघा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती अशा पाच नद्यांची ही पंचगंगा. प्रयाग चिखलीला संगम होतो, नदी कोल्हापूरच्या घाटावर येते आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा तिथून कर्नाटक, तेलंगण, आंध्र प्रदेश असा प्रवास करत बंगालच्या उपसागराला जाते. तिची एकूण लांबी सुमारे १,४०० किलोमीटर.

म्हणजे गगनबावड्याच्या डोंगरात पडलेला पावसाचा थेंब, ज्याला पश्चिमेचा समुद्र अगदी जवळ आहे, तो घाटमाथ्याच्या पूर्व बाजूला पडला म्हणून देश ओलांडून पूर्व किनाऱ्याला जातो.

रेल्वेचंही तसंच झालं. कोल्हापूरहून निघालेली प्रत्येक गाडी आधी पूर्वेला मिरजेला जाते. मग तिथून पुण्याकडे, बेळगावकडे किंवा पंढरपूरकडे. उतार जिकडे सोपा, तिकडे पाणी गेलं आणि रूळही गेले. म्हणून कोल्हापूरकरांच्या रेल्वे सहलीत मिरज टाळता येत नाही. एकेकाळी तर मिरज जंक्शनवर ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ होते.

मग समुद्र गाठायचे रेल्वेमार्ग किती?

सोयीसाठी तीन दिशा धरूया.

पहिली दिशा: मिरज, बेळगाव, लोंढा, दूधसागर, मडगाव

कोल्हापूर ते मडगाव हे अंतर या मार्गाने सुमारे ३२० किलोमीटर भरतं. मिरजेहून गोवा एक्स्प्रेस रोज मिळते. ही गाडी दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनहून निघून पुणे, मिरज, बेळगाव, लोंढामार्गे वास्कोला जाते. पुणे ते एर्नाकुलम जाणारी पूर्णा एक्स्प्रेसही मिरजेवरूनच जाते. ती आठवड्यातून एकदाच असते, पण मडगावनंतर कारवार, उडुपी, मंगळुरू, कोळिकोड असा सगळा पश्चिम किनारा दाखवते.

या मार्गावरच्या नद्या मोजायला मुलांना सांगा. कोल्हापूर सोडल्यावर रुकडीजवळ पंचगंगा. मिरजेच्या आधी, उदगाव-अंकलीच्या पट्ट्यात कृष्णा. मिरजेहून बेळगावकडे जाताना कुडचीजवळ पुन्हा कृष्णा. मग घटप्रभा आणि खानापूरच्या काठाची मलप्रभा. या सगळ्या कृष्णेच्या कुटुंबातल्या, पूर्वेला जाणाऱ्या.

कॅसलरॉकच्या पुढे गाडी घाट उतरायला लागली की चित्र उलटतं. दूधसागर धबधबा मांडवी नदीवर आहे आणि मांडवी पणजीला अरबी समुद्रात मिळते. भूगोलाच्या पुस्तकातला 'जलविभाजक' हा शब्द इथे रेल्वेच्या खिडकीतून बघायला मिळतो.

दुसरी दिशा: पुणे, मुंबई आणि तिथून कोकण रेल्वे

कोल्हापूरहून मुंबईला जाणाऱ्या दोन जुन्या, ओळखीच्या गाड्या म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेस आणि कोयना एक्स्प्रेस. महालक्ष्मी रात्रीची, कोयना दिवसाची. झोपून जायचं असेल तर महालक्ष्मी, खिडकीत बसून बघत जायचं असेल तर कोयना.

या वाटेवर पंचगंगा, कृष्णा, लोणंदच्या पुढे नीरा, पुण्यात मुठा आणि दापोडीजवळ मुळा भेटतात. नीरा आणि मुळा-मुठेचं पाणी भीमेत जातं आणि भीमा पुढे कृष्णेत, म्हणजे हीही सगळी पूर्वेची मंडळी. बोर घाट उतरून कर्जतला आलात की उल्हास नदी सोबतीला येते आणि ती पश्चिमेला जाते. गोव्याच्या वाटेवर जो बदल कॅसलरॉकला होतो, तोच इथे खंडाळ्याला होतो.

मुंबईहून पुढे कोकण रेल्वे. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे सुरू झाला. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल हे त्याचे मानाचे टप्पे.

तिसरी दिशा: हुबळी, होस्पेट, तिरुपती आणि पूर्व किनारा

कोल्हापूर ते तिरुपती हरिप्रिया एक्स्प्रेस रोज असते. करवीरची अंबाबाई आणि तिरुपतीचा बालाजी यांचं नातं भाविकांच्या मनात पक्कं आहे. दरवर्षी नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून अंबाबाईला शालू येतो. त्यामुळे ही गाडी कोल्हापूरकरांच्या घरातलीच झाली आहे.

पण या गाडीला फक्त देवदर्शनाची गाडी समजू नका. ती होस्पेटवरून जाते. तिथे उतरून तुंगभद्रेच्या काठचं हंपी बघता येतं. तिरुपतीहून चेन्नई १५० किलोमीटरच्या आत आहे आणि रेल्वेने काही तासांत मरीना बीच गाठता येतो.

म्हणजे या गाडीने गेलं तर जवळचा अरबी समुद्र नव्हे, दूरचा बंगालचा उपसागर हाताला लागतो. अगदी पंचगंगेसारखंच.

कुटुंबासोबत जायचं तर कोणता मार्ग निवडावा?

पाच-सहा दिवस हातात असतील तर पहिल्या दोन दिशा जोडून एक वर्तुळ करता येतं. कोल्हापूर, मुंबई, रत्नागिरी, मडगाव, मिरज आणि परत कोल्हापूर. या फेरीत सह्याद्री दोनदा ओलांडला जातो. एकदा बोर घाटातून, एकदा दूधसागरच्या घाटातून.

पण वर्तुळ कोणत्या बाजूने फिरायचं, हे महत्त्वाचं. बहुतेक जण आधी गोव्याला जातात. त्यात अडचण अशी की गोव्याकडे जाणारी गोवा एक्स्प्रेस मिरजेहून रात्री सुटते आणि दूधसागरचा घाट अंधारातच उतरते. सगळी मंडळी झोपलेली असताना सगळ्यात देखणा टप्पा निघून जातो.

परतीची गोवा एक्स्प्रेस मात्र दुपारी वास्को आणि मडगाव सोडते आणि संध्याकाळच्या उजेडात घाट चढते. म्हणून उलटं फिरा. आधी मुंबई, मग कोकण, शेवटी गोवा.

फेरी साधारण अशी बसते:

- पहिला दिवस: सकाळी कोयना एक्स्प्रेसने निघा, रात्री मुंबई. किंवा आदल्या रात्री महालक्ष्मीने निघून सकाळी पोहोचा.
- दुसरा दिवस: मुंबईत मुक्काम. गेटवे, मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी. महालक्ष्मीतून उतरून त्याच सकाळी कोकणाची मांडवी एक्स्प्रेस पकडायचा हट्ट धरू नका. दोघींच्या वेळा एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की ती हाती लागणं अवघड. लहान मुलं आणि सामान घेऊन तर नकोच.
- तिसरा दिवस: सकाळी मांडवी एक्स्प्रेसने रत्नागिरी. वाटेत रोह्याजवळ कुंडलिका, वीरजवळ सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी. या सगळ्या कमी लांबीच्या, पण पावसाळ्यात दरारा असलेल्या नद्या.
- चौथा दिवस: रत्नागिरीत थिबा पॅलेस, लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान, भाट्याचा किनारा. सवड असेल तर गणपतीपुळे.
- पाचवा दिवस: रत्नागिरी ते मडगाव. गोव्यात शिरल्यावर मांडवी आणि झुआरी या दोन्ही नद्यांवरचे रेल्वेपूल लागतात. खिडकी सोडू नका.
- सहावा दिवस: दुपारी मडगावहून गोवा एक्स्प्रेस, रात्री मिरज आणि पुढे घर.

मिरजेला रात्री उशीर होतो. तिथून कोल्हापूरला पॅसेंजर मिळेल, एसटी मिळेल की घरची गाडी मागवायची, हे आधीच ठरवून ठेवा. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, त्यामुळे तिकीट काढताना त्या दिवसाचं वेळापत्रक बघून घ्या.

इतके दिवस नसतील तर फेरी अर्धीच करा. रेल्वेने गोव्यामार्गे रत्नागिरीपर्यंत जा आणि तिथून एसटीने आंबा घाटातून घरी या. ज्यांना गाडी लागते त्यांना निदान एकच घाट सोसावा लागेल.

तिकिटाच्या कोणत्या गोष्टी लक्षात ठेवायच्या?

आरक्षण किती आधी? १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यात कोकण रेल्वेवर पहिल्या दिवशीच झुंबड उडते.

आजी-आजोबांना खालचा बर्थ कसा मिळेल? ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिला यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. पण तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तेव्हा उपयोगी पडतो. एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा जण बसतात म्हणून आपण सगळ्या घराचं एकच तिकीट काढतो आणि मग आजोबांना वरचा बर्थ येतो. त्या दोघांचं तिकीट वेगळं काढून बघा.

ज्येष्ठांना सवलत आहे का? मार्च २०२० मध्ये ती बंद झाली. पूर्ण भाडं धरूनच खर्च काढा.

मुलांचं तिकीट? पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं.

वर्तुळाकार तिकीट हा काय प्रकार आहे? निघालो तिथेच परत येणारा प्रवास असेल तर रेल्वे 'सर्क्युलर जर्नी तिकीट' देते. त्यात वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं. लांब अंतराचा दर लागत असल्याने तुकड्या-तुकड्यांच्या तिकिटांपेक्षा ते स्वस्त पडू शकतं. आपल्या फेरीचं वर्तुळ मिरजेला पूर्ण होतं, त्यामुळे मिरज ते मिरज असं विचारावं. त्यासाठी रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे मार्ग लिहून द्यावा लागतो आणि प्रत्येक गाडीतलं आरक्षण वेगळं करावं लागतं.

कोकण रेल्वेतून समुद्र दिसतो का?

अनेकांचा इथे हिरमोड होतो. महाराष्ट्रातल्या टप्प्यात कोकण रेल्वे समुद्राला लागून नाही, तर किनाऱ्यापासून आत, डोंगरातून धावते. बोगदा, पूल, भातखाचरं आणि पुन्हा बोगदा. मुलांना "आता समुद्र दिसेल" असं सांगून ठेवलंत तर ती दर दहा मिनिटांनी विचारत राहतील!

स्थानकं गावापासून लांब असतात, हेही ध्यानात असू द्या. राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड अशा नावांतला 'रोड' हा शब्द तेच सांगतो, की गावात जायला इथून पुढे रस्त्याचा प्रवास आहे. रत्नागिरीचं स्थानकही शहराच्या बाहेर आहे. रिक्षाचा खर्च आणि वेळ हिशेबात धरा.

खाण्याचं म्हणाल तर कोल्हापूरकरांना सांगायला नको. पहिल्या दिवसाची भाकरी, खर्डा, दही आणि जयसिंगपूरचं भडंग सोबत असेल तर मुंबईपर्यंत कुणाची तक्रार नसते.

पावसाळ्यात जावं का?

दूधसागर आणि कोकण पावसाळ्यातच सगळ्यात सुंदर दिसतात, हे खरं. पण लहान मुलं आणि वृद्ध सोबत असतील तर आधी तीन घटना वाचा.

२७ जुलै २०१९. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. सगळे सुखरूप निघाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट २०१९ मध्ये, पंचगंगा आणि कृष्णेला महापूर आला. कोल्हापूर आणि सांगली पाण्याखाली गेले. मिरज-कोल्हापूर रेल्वेही थांबली.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडालं आणि कोकण रेल्वे ठप्प झाली. मंगळुरूहून मुंबईला निघालेली गाडी म्हणून मडगाव, लोंढा, मिरज अशी वळवली गेली. २३ जुलैला तीच गाडी दूधसागर आणि सोनावळीच्या दरम्यान दरड कोसळल्याने रुळांवरून घसरली. कुणाला इजा झाली नाही. त्याच दिवसांत कोल्हापूरलाही पुराचा वेढा होता.

ही तिसरी घटना नीट बघा. एक दार बंद झालं म्हणून गाडी दुसऱ्या दाराकडे वळवली, तर तिथेही दरड. सह्याद्रीला मधे तिसरं दार असतं तर निदान एक पर्याय वाढला असता.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवतात. कुटुंबासाठी ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ बरा. सुरुवातीला गेलात तर दूधसागरलाही पाणी असतं.

आणि एक कळकळीची सूचना. दूधसागरला गाडी थांबली तरी रुळांवर उतरू नका. जुलै २०२३ मध्ये बंदी असूनही रुळांवरून धबधब्याकडे निघालेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. हसण्यावारी नेऊ नका. त्या घाटात चढ-उतार तीव्र आहे, वळणं आणि बोगदे आहेत. समोरून येणारी गाडी दिसते तेव्हा बाजूला व्हायला जागा नसते.

कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेचं काय झालं?

सह्याद्रीच्या भिंतीतलं तिसरं दार म्हणजे हाच मार्ग. कोल्हापूरहून पश्चिमेला घाट उतरून कोकण रेल्वेवरच्या वैभववाडी रोडला जोडायचा. लांबी सुमारे १०७ किलोमीटर. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्याला जागा मिळाली. अंदाजित खर्च ३,००० कोटी रुपयांच्या वर. साताऱ्याच्या बाजूने कराड-चिपळूण मार्गाचीही घोषणा झाली होती.

या दोन्ही मार्गांवर अजून एकही गाडी धावलेली नाही.

अडचण खरी आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि घाटमाथा त्याहून उंच. मोटारीचा रस्ता वळणं घेत काही किलोमीटरमध्ये खाली उतरतो. रेल्वेला तसं जमत नाही. बोर घाट आणि दूधसागरच्या घाटात ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ आहे. तेवढ्यासाठीही जादा इंजिनं लावावी लागतात. नवा मार्ग याहून सौम्य करायचा म्हणजे लांब बोगदे, उंच पूल, जंगलातून जाणारी जमीन आणि भूसंपादन. पैसा आणि वेळ दोन्ही लागणार.

पण त्याची गरज फक्त सहलीला जाणाऱ्यांना नाही. सिंधुदुर्गातले अनेक रुग्ण मोठ्या उपचारांसाठी घाट चढून कोल्हापूरला येतात. देवगडचा हापूस ट्रकने इकडच्या बाजारात येतो. इकडची साखर, कापड आणि फाउंड्रीचा माल बंदराकडे जायला रस्त्याचाच आधार घेतो. कितीतरी घरांत लेक घाटाखाली आणि माहेर घाटावर आहे. या सगळ्यांचा प्रवास घाटरस्त्यांच्या भरवशावर चालतो. २०२४ मध्ये रुंदीकरणाच्या कामासाठी करूळ घाट बंद झाला, तेव्हा हीच वाहतूक भुईबावडा आणि फोंडा घाटाकडे वळली. पेशंटला घेऊन निघालेल्या माणसासाठी तो वळसा सहलीतल्या वळशासारखा नसतो.

सध्या कोल्हापूरहून रेल्वेने वैभववाडी रोड गाठायचं तर मिरज आणि मडगाव करून ४०० किलोमीटरहून जास्त प्रवास होतो. नवा मार्ग झाला तर तेच अंतर १०७ किलोमीटरवर येईल.

थोडक्यात सांगायचं तर

- कोल्हापूरहून निघालेली प्रत्येक गाडी आधी मिरजेला जाते, त्यामुळे समुद्राकडे जायला वळसा अटळ आहे.
- जवळचा रेल्वेमार्ग लोंढा, दूधसागर, मडगाव असा. दूधसागर उजेडात बघायचा असेल तर तो परतीच्या प्रवासात ठेवा.
- पाच-सहा दिवस असतील तर मुंबई, रत्नागिरी, मडगाव, मिरज असं वर्तुळ करा. वेळ कमी असेल तर रत्नागिरीहून एसटीने परत या.
- आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढा, आरक्षण ६० दिवस आधी करा आणि ऐन पावसाळा टाळा.
- कोल्हापूर-वैभववाडी मार्गाला अर्थसंकल्पात जागा मिळाली २०१६ मध्ये. गाडी अजून यायची आहे.

मांडवी एक्स्प्रेसने रत्नागिरीहून मडगावला जाताना वाटेत वैभववाडी रोडचा फलक दिसेल. मुलांना तो नक्की दाखवा. तिथून पूर्वेला घाट चढला की गगनबावडा आणि पुढे ५५ किलोमीटरवर आपलं कोल्हापूर. रेल्वेने मात्र अजून गोवा आणि कर्नाटक ओलांडून मग घर येणार आहे.